पालखीला विसावा, घरच्या माउलीला नाही

वाचक माउलींनो, आषाढी जवळ आली की माझ्यासारख्या घरी बसलेल्या कीर्तनकाराकडून वारीचे माहात्म्य लिहून मागतात. ते मी पुष्कळदा लिहिले आहे, आणि माझ्याहून चांगले लिहिणारे आहेत. या वेळी मला भांडण मांडायचे आहे. ते सरकारशी थोडे आणि आपल्याच लोकांशी पुष्कळ आहे. माळकऱ्यांशी, फडकऱ्यांशी, संस्थानांच्या विश्वस्तांशी आणि कीर्तनाला उभे राहणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी. व्यवसाय म्हटले याचा राग नसावा. बिदागी आधी ठरवून घेतली की तो व्यवसायच झाला.

प्रत्येक गावात एखाददुसरे घर असे असते की ज्याच्या दारावरून दिंडी जाते, पण ज्याच्या उंबऱ्यातून कोणी दिंडीत जात नाही. घर नास्तिकाचे नसते. दारात तुळस असते, देव्हाऱ्यात विठ्ठल-रखुमाई असतात, आजोबांची वारी असते. पण आतल्या खोलीत बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पलंगावर असते. कोणाची बुद्धी दोन वर्षांच्या बाळाएवढीच राहिलेली. कोणाची बुद्धी लख्ख, पण जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला म्हणून हातपाय आखडलेले आणि वाचा अडकलेली. कोणाला दिवसातून तीनदा फिट येते. त्यांना भरवावे लागते, आणि तेही बसते करून, सावकाश, कारण घास श्वासनळीत गेला तर न्यूमोनिया होतो. अंग पुसावे लागते, लंगोट बदलावे लागतात, आणि ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात.

मूल लहान असते तोवर सगळे त्याचे कौतुक करतात. आजी कडेवर घेते, शेजारीण हाक मारते. विशेष मुलांची शाळा जवळ असली तर दिवसाचे काही तास आईचे हात मोकळे होतात. अठराव्या वर्षी शाळा संपते. मुलाचे वजन पन्नास किलो झालेले असते, त्याला दाढी फुटलेली असते, मुलीची पाळी सुरू झालेली असते. आजी केव्हाच गेलेली असते. आईची कंबर गेलेली असते. आणि नेमके तेव्हाच समाजाचे लक्ष उडते, कारण मोठ्या झालेल्या अपंगाचे कौतुक कोणाला वाटत नाही.

कीर्तनकाराला गावोगावच्या घरांत आतपर्यंत प्रवेश असतो. सप्ताहात उतरायला घर देतात, त्या घरातले सगळे दिसते. मराठवाड्यातल्या एका गावी एका बाईंनी मला सांगितले की सव्वीस वर्षांत त्या एकही रात्र घराबाहेर राहिल्या नाहीत. स्वतःची आई गेली तेव्हा माहेरी पोचल्या त्या राख सावडायला, कारण मुलाजवळ बसायला माणूस मिळेपर्यंत दोन दिवस गेले. मी निघताना त्या पाया पडल्या आणि हळूच म्हणाल्या, “महाराज, एकच मागणं हाय. माझ्या आधी एक दिवस त्याला न्यावं देवानं.”

ही प्रार्थना मी त्या एकाच घरात ऐकलेली नाही. ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्या बहुतेक आईबापांच्या मनात ती असते. कोणी बोलतात, कोणी बोलत नाहीत. वाचकहो, आईने लेकराच्या मरणाची प्रार्थना करावी, आणि ती लेकरावरच्या प्रेमापोटी करावी, ही पाळी तिच्यावर कोणी आणली? विठ्ठलाने आणली असे म्हणून सुटू नका. मुलाचे अपंगत्व देवाच्या हिशेबात घाला हवे तर. पण तिच्यामागे त्याला बघणारा एकही माणूस सापडू नये, हा हिशेब आपला आहे.

आता पहिले भांडण गादीवरच्या मंडळींशी. असे मूल दिसले की आमच्यातले काही जण लगेच पूर्वजन्म काढतात. कोणाचे पाप, कोणाचा भोग, फेडल्याशिवाय सुटका नाही. समोर त्या मुलाची आई बसलेली असते. सव्वीस वर्षे मलमूत्र काढणाऱ्या बाईला भर मंडपात पापीण ठरवायचे, आणि वर तिच्याच हातचे जेवून बिदागी घेऊन निघायचे! कर्माचा सिद्धान्त मी नाकारत नाही. माझ्या गुरूंनी मला तो शिकवला आहे आणि मी तो मानतो. पण सिद्धान्ताचा उपयोग कशासाठी होतो ते पाहावे लागते. माझ्या वाट्याला आलेल्या दुःखाबद्दल मी प्रारब्ध म्हणालो तर त्याने मला धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल मी प्रारब्ध म्हणालो तर त्याने मला फक्त खुर्चीवर बसून राहायची सोय होते. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती सांगताना माउली दयेचे निरूपण करतात. ते पुन्हा उघडून वाचा. ज्याच्यावर दया करायची त्याची पात्रता किंवा पूर्वजन्म तपासून घ्या, अशी अट तिथे कुठे सापडली तर मला पत्र टाका.

दुसरा एक गोड प्रकार अलीकडे निघाला आहे. “देव अशी मुलं खास आईबापांच्याच पोटी घालतो.” हे वाक्य ऐकायला बरे वाटते, म्हणून शापापेक्षा घातक आहे. आईबाप खास आहेत असे एकदा ठरवले की शेजाऱ्याला, भावाला, दिंडीला, मठाला काही करायचे उरत नाही. पाया पडले की झाले. मी त्या बाईंना विचारले नाही, पण मला खात्री आहे, की त्यांना आपल्या पाया पडणारा नको होता. चार रात्री मुलाची कूस बदलणारा हवा होता.

कूर्मदासांची कथा तुम्हांला माहीत आहे. पैठणचे भक्त, हात नाहीत, पाय नाहीत. पोटावर सरपटत पंढरीला निघाले. माढा तालुक्यात लऊळ गावापर्यंत आले आणि पुढे जाववेना. तेव्हा विठ्ठल पंढरी सोडून त्यांच्या भेटीला लऊळला आले. मंदिर आहे तिथे, न पाहिलेल्यांनी जाऊन यावे. ही कथा आम्ही सांगतो तेव्हा मंडपात डोळे पुसतात. पण सांगतो कशासाठी? बहुतेकदा धडधाकट माणसाला लाजवण्यासाठी. बघा, हातपाय नसताना तो निघाला, आणि तुम्हांला एस. टी. असून जमत नाही! हसतात लोक, कथा पुढे जाते.

मला त्या कथेत दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ज्याला हात नाहीत त्याच्या तोंडात पैठण ते लऊळ घास कोणी घातला? पाणी कोणी पाजले? अंग कोणी धुतले? कोणीतरी केलेच असेल, मुक्कामामागून मुक्काम, एकाने सोडले तिथे दुसऱ्याने धरले असेल. त्या माणसांची नावे राहिली नाहीत, पण त्यांच्यावाचून कूर्मदास पहिल्या गावाच्या वेशीपलीकडे गेले नसते. आणि दुसरे. देवाने कूर्मदासांना निरोप पाठवला नाही की अजून थोडे सरपटा. देव उठून गेला. जो चालू शकत नाही त्याच्याकडे चालू शकणाऱ्याने जायचे असते, हा त्या कथेचा सरळ अर्थ आहे. तो बाजूला ठेवून आपण त्यातून फक्त भक्तीची चिकाटी काढतो, कारण चिकाटी दुसऱ्याने दाखवायची असते आणि जाणे आपल्याला पडते.

हीच गोष्ट सेना महाराजांची. ते पूजेत होते, राजाचे बोलावणे आले, तेव्हा देव धोकटी घेऊन त्यांच्या बदली गेला. चोखोबांच्या घरी सोयराबाईंचे बाळंतपण होते, माणूस जवळ नव्हते, तेव्हा देव नणंदेचे रूप घेऊन आला आणि बाळंतपण करून गेला. जनाबाईंच्या जात्याला देवाने हात लावला. आपल्या सगळ्या कथांमध्ये हा देव दुसऱ्याचे काम अंगावर घेतो. तो काम्या देव आहे. मग त्याच्या भक्तांनी फक्त दर्शनाच्या रांगेत उभे राहायचे, हे कुठल्या शास्त्रात बसते?

आता मुद्द्याचे बोलतो. अशा घरांना दोन गोष्टी हव्या आहेत. एक, थोड्या दिवसांचा विसावा. दुसरी, आईबापांच्या पश्चात कायमचे छत. दोन्हींची गल्लत करू नये.

विसावा हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण तो आपलाच आहे. आळंदीहून माउलींची पालखी निघते ती पंढरपूरला पोचायला अठरा-वीस दिवस घेते. तळ असतात आणि दोन तळांच्या मध्ये विसावे असतात. विसाव्याला पालखी थांबते, पाणी होते, वारकरी झाडाखाली आडवे होतात. वारी आळसावली असे कोणी म्हणत नाही. विसावा नसेल तर वारी पोचणारच नाही. दिवे घाट चढताना तर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मुक्या जनावरांनासुद्धा घाटात जोडीदार मिळतो. आणि जी बाई सव्वीस वर्षे घाटच चढते आहे तिला?

कोणी म्हणेल, आईच्या मनाला पटणार नाही, पोरगा दुसऱ्याच्या हाती कसा देईल? मग वीणा आठवा. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, सात रात्री. पण सातही दिवस एकच माणूस वीणा घेऊन उभा राहतो काय? पहारे लावलेले असतात, दोन-दोन तासांचे. खांबाला कागद चिकटवलेला असतो, कोणाच्या किती वाजता ते लिहिलेले असते. मध्यरात्री दोनचा पहारेकरी येतो, नमस्कार करतो, वीणा गळ्यात घेतो. पहिला घरी जाऊन झोपतो. त्याने वीणा टाकली असे कोणी म्हटल्याचे मी पन्नास वर्षांत ऐकले नाही. उलट अखंड हा शब्दच त्यामुळे खरा होतो. एकट्याच्या गळ्यात सात दिवस वीणा दिली तर तो तिसऱ्या रात्री वीणेसकट कोसळेल.

आजारी आईबाप कोसळतात ते असेच. आई पडली, बापाला हृदयविकाराचा झटका आला, की मग धावाधाव. अशा वेळी मूल कोणा अनोळखी जागी, अनोळखी हातांत, एकाएकी जाते आणि जेवण टाकते. पहारा आधीपासून लावलेला असेल, वर्षातून दोनदा आठ-पंधरा दिवस मूल त्याच जागी, त्याच माणसांकडे राहायची सवय झालेली असेल, तर हा अनर्थ होत नाही. विसाव्याचा खरा फायदा आईच्या झोपेपेक्षाही मोठा आहे. मुलाला आईशिवायही जगता येते, हे मुलाला आणि आईला दोघांनाही कळते.

“घरचं माणूस बाहेर ठेवणं म्हणजे पाप,” हे वाक्य बोलणाऱ्यांना माझे एक सांगणे आहे. बोलायच्या आधी त्या घरी जाऊन एक रात्र काढा. पुंडलिकाचे उदाहरण मला देऊ नका. पुंडलिकाने मायबापांची सेवा केली आणि देवाला विटेवर थांबवले, हे खरे. इथे प्रवाह उलटा आहे. मायबाप म्हातारे होत चालले आहेत आणि सेवा घ्यायची त्यांनी, तर ते देत आहेत, आणि देता देता थकले आहेत. या घरात देव विटेवर थांबलेला नाही, तो बाजूला उभा राहून बघतो आहे की पुंडलिकाच्या जागी कोण येतो.

आता दुसरी गोष्ट, कायमच्या छताची. “आमच्यामागे कोण?” हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा असायला नको. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले ते याच आशेने की आपल्यामागे लोक मुलांना पोटाशी धरतील. लोकांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार पोरकी लेकरे दारोदार फिरली. त्या गावकऱ्यांना आपण कीर्तनात सातशे वर्षे नावे ठेवत आलो. आज तोच प्रश्न आपल्या आळीत विचारला जातो आहे.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले त्यांनी वाढवली, त्यांना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, चांगले झाले. पण त्यांचे भांडण कशाबद्दल आहे ते लोक विसरतात. बालगृहातले मूल अठरा वर्षांचे झाले की नियमाप्रमाणे बाहेर काढायचे. अपंग बेवारस मुलाने अठराव्या वाढदिवसाला उठून जायचे कुठे? हे बाबा वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ आहे. मतिमंद मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन ते उभे केले. म्हणजे जमते. पण अशी ठिकाणे मोजकी आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले सगळे काही अंथरुणाला खिळलेले नाहीत, बहुतेक जण कष्ट करून खातात. पण जे खिळलेले आहेत त्यांच्यासाठी खोणी आणि वझ्झर कितीसे पुरणार?

सरकारचेही थोडे ऐका. मी कायद्याचा माणूस नव्हे. एका निवृत्त शिक्षकांनी मला हे वाचून दाखवले. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हे खेड्यातल्या कितीजणांना माहीत आहे? याच न्यासाची ‘निरामय’ नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तात्पुरत्या निवासाची ‘समर्थ’ आणि कायमच्या निवासाची ‘घरौंदा’ या योजना आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद राज्यांनी करावी असे लिहिले आहे. केरळने ‘आश्वासकिरणम्’ नावाने असा भत्ता सुरू केला. रक्कम छोटी आहे, पण घरातल्या आईचे काम हे काम आहे, एवढे तरी सरकारी कागदावर आले. आपल्याकडे ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून ते पाच टक्के कुठे गेले हे विचारणारा माळकरी मला अजून भेटायचा आहे. सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब मात्र आपण पैपर्यंत विचारतो.

पण योजना कागदावर असून पुरत नाही, आणि संस्था उभी राहिली म्हणूनही पुरत नाही. इथे मी भाबडेपणाने बोलणार नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. ठेवायला माणसे नेमायची सोडून अवयवच काढला. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे, श्रद्धेने बरे व्हायला आणलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. आग लागली आणि २८ माणसे बांधलेल्या जागी जळाली. २०११ साली पनवेलजवळ कळंबोलीच्या एका आश्रमात अपंग मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले, २०१३ मध्ये न्यायालयाने शिक्षा दिल्या. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर अन्याय करणे सोपे असते. दारावर आश्रम लिहिले, भिंतीवर संतांची चित्रे लावली, म्हणून आतला माणूस संत होत नाही.

म्हणूनच मी म्हणतो की हे काम संप्रदायाने अंगावर घ्यावे, पण सोवळ्यातले दान म्हणून नव्हे. कायद्याने नोंदणी करून. शिकलेल्या परिचारिका आणि मदतनीस नेमून, त्यांना वेळेवर पगार देऊन. फुकटच्या सेवेवर रात्रपाळी चालत नाही, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. फिटची गोळी एक दिवस चुकली तरी चालत नाही. तिथे “हरी इच्छा” म्हणणाऱ्याला स्वयंपाकघरात पाठवावे. व्यवस्थापनात पालक बसवावेत. आणि आपल्याकडे जे आहे ते कोणाकडे नाही: रोज येणारी-जाणारी माणसे. कुलूप लावलेल्या खोलीत पाप वाढते. जिथे पहाटे काकडा आहे, संध्याकाळी हरिपाठ आहे, गावातल्या बायका भाजी निवडायला येऊन बसतात, तिथे साखळी लपवणे अवघड जाते. हरिपाठ त्या पलंगाशेजारी म्हणा. ज्याला शब्द कळत नाहीत त्याला टाळ कळतो, हे मी पाहिले आहे. आखडलेली बोटे ठेक्यावर हलतात.

जागा नाही असे म्हणू नका. पंढरपूर, आळंदी, देहू, पैठण, कुठेही जा. चार वाऱ्यांचे आणि यात्रांचे दिवस सोडले तर किती धर्मशाळांच्या किती खोल्यांना कुलपे असतात, ते मोजा. मागे एका संस्थानाकडे आम्ही चौघे गेलो होतो. नवे भक्तनिवास झाले होते, पायऱ्यांना संगमरवर. तळमजल्यावरच्या चार खोल्या अशा मुलांच्या विसाव्यासाठी द्या, खर्च आम्ही गोळा करू, म्हणालो. विश्वस्तांनी चहा दिला आणि सांगितले, “महाराज, भाविकांना त्रास होईल. वास येतो, ओरडतात. शिवाय पावित्र्याचा प्रश्न आहे.” संस्थानाचे नाव सांगणार नाही; सांगून उपयोग नाही, कारण तेच उत्तर तुमच्याजवळच्या संस्थानातही मिळेल. मी त्यांना एवढेच म्हणालो की गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या, पण देवळाच्या गाभाऱ्यात ते गेले नाहीत. आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना पंगतीला बसवून स्वतः वाढत राहिले. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार आहे, संगमरवर नाही. विश्वस्तांनी दुसरा चहा मागवला नाही.

आणखी एक. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. आज तशा कितीतरी संस्था गावोगाव आहेत, त्यांत हजारो पोरे पखवाज, गायन, ज्ञानेश्वरी शिकतात. चार वर्षांच्या शिक्षणातला एक महिना त्यांना अशा घरात किंवा निवासात सेवेला पाठवा. प्रेताला खांदा द्यायला जशी पोरे शिकतात, तसे अंथरुणावरच्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवायला शिकू द्या. मग त्यांच्यातला कोणी पूर्वजन्मावर दीड तास बोलणार नाही. बोलला तरी त्याला शब्द जपून वापरावे लागतील.

हे सगळे व्हायला वर्षे लागतील. या आषाढीपुरते मात्र एक काम ताबडतोब करता येईल, त्याला नोंदणी लागत नाही आणि संगमरवरही लागत नाही. दिंडीची नावे लिहायला बसाल तेव्हा आधी विचारा, आपल्या गावातल्या कोणत्या घरातले माणूस मुलामुळे येऊ शकत नाही. त्या घरी आतापासूनच जायला लागा. मुलाला तुमचा चेहरा, तुमचा आवाज ओळखीचा होऊ द्या. आईकडून शिकून घ्या: घास केवढा, गोळी कोणती आणि किती वाजता, फिट आली तर काय करायचे, कुठल्या कुशीवर झोप लागते, कशाला घाबरतो. लिहून काढा. डॉक्टरांचा फोन नंबर भिंतीवर लावा. आई म्हणेल की अठरा दिवस नको, मला जमणार नाही. ठीक आहे, वाखरीपासून पंढरपूरपर्यंतची एका दिवसाची वाट चालू द्या तिला. गाडीने नेऊन गाडीने आणा. मुलगी असेल तर पहाऱ्याला बायकाच असाव्यात, आणि एकटी नव्हे, दोघी.

त्यासाठी प्रत्येक दिंडीतून चार-सहा माणसांनी या वर्षी मागे राहावे लागेल. वारी चुकते म्हणून कोणी कुरकुरले तर त्यांना लऊळची आठवण द्या. पंढरी सोडून बाहेर जाणारा पहिला तोच होता.

खांबाला कागद चिकटवा, दोन-दोन तासांचे पहारे लिहा. आमच्या गावच्या कागदावर माझे नाव मध्यरात्री दोन ते चार या रकान्यात घालायला सांगितले आहे. वय चौऱ्याहत्तर आहे, उचलण्याचे काम माझ्याकडून व्हायचे नाही, त्याला जोडीला तरुण लागेल. जागण्याची सवय आहे.

राम कृष्ण हरी.